शेंडेफळाचे चार वाडगे

पत्र आलं तेव्हा घरात दोग्यू एकटाच होता. पोस्टमननं हातातलं यंत्र पुढं केलं, दोग्यूनं त्यावर बोटानं सही केली आणि पाकीट घेतलं. पाकिटावर सैन्यभरती कार्यालयाचा शिक्का होता. या पाकिटाची तो गेले तीन महिने वाट पाहत होता.

चौघांच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या गटात दोग्यू सगळ्यांत मोठा. मोठा आधी भरती होणार हे कुणी बसून ठरवलं नव्हतं. जेवताना मोठा आधी चमचा उचलतो, तसंच ते. दीड वर्षाची सैन्यातली नोकरी इथं कुणाला चुकत नाही, मग तुमचे फोटो चौकाचौकात लागलेले असोत, नाहीतर तुम्ही मांगवनच्या बाजारात मासे विकत असा. गट चालवणाऱ्या कंपनीनंही त्याप्रमाणे बेत आखला होता. वसंतात दोग्यू जाईल, पुढच्या वर्षी मुजिन आणि गीहान, आणि सगळ्यांत शेवटी युल. युल म्हणजे शेंडेफळ, दोग्यूहून दोन वर्षांनी लहान.

चौघं एकत्र राहायचे त्या घरातली पत्रं उघडायचा मानही मोठ्याचाच. गेली सात वर्षं वीजबिल, पाणीबिल आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या "पाय आपटू नका" अशा चिठ्ठ्या, सगळं दोग्यूच उघडत आला होता. त्याच सवयीनं त्यानं हे पाकीटही उघडलं, वरचं नाव न वाचता.

आत नाव युलचं होतं. हजर व्हायची तारीख फेब्रुवारीतली, चांद्र पंचांगाच्या नव्या वर्षाच्या सणानंतर तिसऱ्या दिवसाची. आणि जन्मसाल होतं दोग्यूच्या आदल्या वर्षाचं.

दोग्यूनं ते तीनदा वाचलं आणि मग तो चक्क हसला. सरकारी कारकून, दुसरं काय! कुणीतरी झोपेत बटणं दाबली असणार. सात वर्षं त्यानं युलची कॉलर नीट केली होती, त्याच्या चुकांबद्दल दिग्दर्शकांची माफी मागितली होती. आता ही चूकही आपणच निस्तरायची, असं म्हणून त्यानं पत्रावरचा नंबर फिरवला.

"युलच्या वतीनं बोलतोय. तुमच्या पत्रात चूक झालीय."

"आपण त्यांचे कोण?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"मोठा भाऊ."

"सख्खे?"

"नाही. म्हणजे, सख्ख्यासारखाच."

"हं."

"अहो बाई, हा आमचा धाकटा आहे. तुम्ही त्याला माझ्याहून मोठा करून ठेवलाय. मला अजून पत्र नाही आणि त्याला आधी? असं कुठं होतं का?"

"जन्माची नोंद आम्ही भावाच्या तोंडून घेत नाही, साहेब. ती माणूस जन्मला की होते आणि मग तशीच राहते."

"पण त्याचा वाढदिवस सगळ्या देशाला ठाऊक आहे! गेल्या वर्षी चाहत्यांनी मेट्रोच्या सात स्टेशनांवर फलक लावले होते, वयासकट."

"ते फलक आम्ही लावले नव्हते," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांना काही शंका असेल तर त्यांनी स्वतः फोन करावा. आणि साहेब, दुसऱ्याचं पत्र उघडू नये."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फोन ठेवल्यावर दोग्यू जमिनीवर बसला. थंडीसाठी फरशी खालून छान तापवलेली होती. आता एकेक गोष्ट आपोआप आठवायला लागली. युलचा पासपोर्ट त्यानं कधी पाहिला नव्हता. सगळ्यांचे पासपोर्ट बान मॅनेजरच्या बॅगेत असायचे आणि विमानतळावर युलचा ते स्वतःच पुढं करायचे. मुजिनला माहीत नसलेल्या, त्याच्या वेळेपर्यंत दुकानातून गेलेल्या गोळ्यांची नावं युलला पाठ होती. एकदा टीव्हीवर कुणीतरी त्याला विचारलं, कुठल्या साली शाळेत गेलास, तर तो उत्तराऐवजी गालावर बोट ठेवून लाडात आला होता. सगळे हसले होते. दोग्यूही हसला होता.

युल तासाभरानं आला. हातात बाजारातल्या माशाच्या गरम वड्यांची पिशवी होती. त्यानं बूट काढले, नेहमीसारखे इतरांचेही वेडेवाकडे पडलेले बूट सरळ करून ठेवले आणि मग त्याला टेबलावरचं पाकीट दिसलं.

"आलं का?" तो म्हणाला.

"काय आलं का? म्हणजे तुला माहीत होतं?"

"आईनं घर बदललं तेव्हा मी माझा पत्ता इथं लावला. वाटलं, नुसतं मोबाइलवर येईल." त्यानं पिशवी खाली ठेवली. "तुम्हाला मीच सांगणार होतो. रोज ठरवायचो."

"युल, हे साल..."

"बरोबर आहे, दादा."

ती हकिगत सांगायला युलला पाच मिनिटंही लागली नाहीत. सात वर्षांपूर्वी कंपनीच्या तेव्हाच्या मालकांनी त्याचं गाणं ऐकलं आणि म्हणाले, आवाज उत्तम, पण वय झालंय. तेव्हा युल होता बावीसचा. मालक म्हणाले, आमच्याकडे मोठा आहे, मधले दोघं आहेत, शेंडेफळ तेवढं हवंय. तुझा चेहरा गोल आहे, तीन वर्षं सहज काढता येतील. कोबीची वरची पानं काढून गड्डा ताजा दाखवतात, तशी त्यांनी ती वर्षं काढली. दुसऱ्या दिवशी युलला सरावाच्या खोलीत आणलं आणि सांगितलं, हा तुझा दादा, याला वाकून नमस्कार कर.

ती खोली चौथ्या मजल्यावर होती. चारचा आकडा अशुभ म्हणून लिफ्टमध्ये त्याच्या जागी एफ लिहिलेलं, त्यावरून पुढं गटाचं नाव पडलं एफ-फ्लोअर. युलनं त्या दिवशी कमरेत वाकून नमस्कार केला होता आणि दोग्यूनं त्याच्या डोक्यावर टपली मारून म्हटलं होतं, "घाबरू नको बाळा, मी आहे."

तो 'बाळा' आठवून दोग्यूचे कान तापले.

"सात वर्षं तू मला दादा म्हणालास," तो म्हणाला.

"होतातच तुम्ही दादा."

"मी वर्षानं लहान आहे तुझ्याहून!" आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण मोठ्या माणसाला अरे-तुरे करतोय. त्यानं तोंड मिटलं. पुढचं वाक्य कुठल्या पायरीवर उभं राहून बोलायचं तेच त्याला कळेना. युलनं नेहमीप्रमाणे एक माशाची वडी काडीला टोचून दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली. इथं मोठ्याला काहीही द्यायचं ते दोन्ही हातांनी. दोग्यूला ती घेववेना आणि नाकारवेना.

संध्याकाळी मुजिन आणि गीहान आले. ते दोघं एकाच सालचे, दोग्यूहून वर्षानं लहान, आणि दिवसभर एकमेकांच्या खोड्या काढणारे. ऐकून मुजिन मटकन खाली बसला. गीहाननं बोटांवर हिशेब केला आणि खो खो हसला. "म्हणजे मी याला सात वर्षं कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळतोय? आइस्क्रीम आण, चार्जर आण? अरे देवा, मला नरकात वेगळी खोली मिळणार." बाकी कुणी हसत नाही असं दिसल्यावर तोही थांबला.

टेबलावर नूडल्सचं पातेलं आलं. युलनं चार कागदी रुमाल अंथरले आणि त्यांवर चार चमचे ठेवले, कारण ते काम शेंडेफळाचं. सगळे बसले आणि तसेच बसून राहिले. मोठ्यानं चमचा उचलल्याशिवाय कुणी खायचं नसतं. दोग्यू युलकडे बघत होता, युल दोग्यूकडे बघत होता आणि नूडल्स फुगत होत्या.

"कुणीतरी उचला रे," गीहान म्हणाला. "लगदा व्हायला लागलाय त्यांचा."

"तुम्ही... तुम्ही घ्या ना," दोग्यू युलला म्हणाला.

थोबाडीत बसावी तसा युलचा चेहरा झाला. सात वर्षांत दोग्यू त्याला रागावला होता, ओरडला होता, पण 'तुम्ही' कधी म्हणाला नव्हता. युल उठला, न वापरलेला चमचा धुऊन जागेवर ठेवला आणि आत निघून गेला.

मग घरात विचित्र दिवस सुरू झाले. सकाळी आंघोळीला आधी कोण जाणार यावरून दोघं दाराशी "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत उभे राहायचे आणि तेवढ्यात गीहान आत घुसायचा. गाडीत मागच्या रांगेतली मधली अडचणीची जागा युलची. तिथं आता दोग्यू जाऊन बसू लागला, गुडघे हनुवटीला टेकवून. युल काही न बोलता त्याच्या शेजारी येऊन बसायचा आणि पुढच्या दोन ऐसपैस खुर्च्या रिकाम्या राहायच्या. बान मॅनेजर आरशातून बघायचे आणि उसासा टाकायचे.

दोग्यूला नक्की काय टोचत होतं ते स्पष्ट सांगायला हवं, कारण तो स्वतः ते कुणाला सांगत नव्हता. मुजिनचा आवाज असा की रेकॉर्डिंगवाले काचेपलीकडे टाळ्या वाजवायचे. गीहान नाचायला लागला की बाकीचे तिघं त्याच्यामागचे पडदे वाटायचे. गाणी युल लिहायचा. आणि दोग्यू? टीव्हीवरच्या कार्यक्रमात प्रत्येकाला विचारतात, गटात तुझं काम काय. दोग्यू दरवेळी म्हणायचा, "मी मोठा आहे." लोकांना तो विनोद वाटायचा. तो विनोद नव्हता. त्याला पुढारी केलं ते वयाकडे बघून, मुलाखतीत पहिला माइक मिळाला तो वयाकडे बघून, आणि त्या जागेवर बसायला तो इतक्या मनापासून शिकला होता की दुसरं काही शिकायला वेळच राहिला नव्हता. तीच जागा आता दुसऱ्याची निघाली होती. मग आपण इथं कोण, हा प्रश्न त्याला सकाळी दात घासतानासुद्धा सोडत नव्हता.

जानेवारीच्या शेवटी बान मॅनेजर छापील कागद घेऊन आले. भले गृहस्थ, डोक्यावर केस थोडे आणि खिशात आम्लपित्ताच्या गोळ्या पुष्कळ. त्यांनी चष्मा लावून वाचलं, "आमचं शेंडेफळ युल देशसेवेच्या ओढीनं, स्वतःच्या इच्छेनं, मोठ्यांच्याही आधी भरती होत आहे."

"ओढीनं," मुजिन म्हणाला. "वा."

"मग काय लिहू?" बान मॅनेजर वैतागले. "ते मालक कंपनी विकून केव्हाच गेले. उरलोय आपण. खऱ्याचं काय लोणचं घालायचंय आता? दीड वर्षानं पोरगं परत येईल, लोक विसरतील, झालं."

ते गेल्यावर युल दोग्यूच्या खोलीशी आला आणि दारातच उभा राहिला. आत यायला त्याला अजूनही परवानगी लागायची.

"दादा, एक विचारायचं होतं."

"विचारा. विचार."

"कंपनीचं निवेदन निघेल ते निघेल. पण लोकांना एक पत्र मी हातानं लिहिणार. भरतीला जाताना सगळेच लिहितात. त्यात मी खरं साल लिहू का?"

दोग्यू उशीचा अभ्रा सारखा करू लागला.

"सात वर्षं वाढदिवसाच्या केकवर तीन मेणबत्त्या कमी असतात," युल म्हणाला. "त्या दिवशी आई फोन करते आणि कुजबुजत माझं खरं वय सांगते, चोरी केल्यासारखं. आत गेल्यावर कागदांवर खरंच वय असणार. बाहेरही तेच असावं असं वाटतं. पण तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार. माझं वय खरं झालं की तुमची जागा जाते. ती मला तुम्हाला विचारल्याशिवाय घ्यायची नाही."

किती सरळ विचारलं होतं त्यानं. 'लिही' एवढं म्हणायला एक शब्द पुरला असता. दोग्यूनं तो शब्द जिभेपर्यंत आणला आणि गिळला.

"कंपनी म्हणते ते ऐकावं," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "त्यांनी विचार करूनच ठरवलं असेल."

"बरं, दादा."

हे 'बरं, दादा' त्यानं हजारदा ऐकलं होतं. पाणी आण म्हटलं की बरं, दादा. पुन्हा पहिल्यापासून नाच म्हटलं की बरं, दादा. पण या वेळी ते ऐकून त्याला स्वतःची शिसारी आली.

मग मागचं सगळं वर यायला लागलं. चौथ्या वर्षी एकदा युल सरावाला पाऊण तास उशिरा आला होता. दोग्यूनं त्याला सगळ्यांदेखत गुडघ्यावर बसवलं होतं, हात वर करून, वीस मिनिटं. धाकट्या बहिणीच्या शाळेत निरोपसमारंभ होता, असं नंतर कळलं. वडील नव्हते, म्हणून वडिलांच्या खुर्चीवर युल जाऊन बसला होता. घरी तो दोन बहिणींचा दादा, आणि इथं सगळ्यांचा बाळ. हात थरथरत होते तरी त्यानं ते खाली घेतले नव्हते. आपल्याहून मोठ्या माणसाला आपण गुडघ्यावर बसवलं!

आणि नव्या वर्षाचे नमस्कार. दर वर्षी सणाच्या सकाळी लहानांनी मोठ्याला गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार करायचा असतो. सुट्टी नसल्यामुळे चौघं घरी जाऊच शकायचे नाहीत, म्हणून दोग्यूच भिंतीला टेकून बसायचा आणि तिघं ओळीनं नमस्कार करायचे. युलचा सगळ्यांत खाली जायचा. असे सात नमस्कार त्यानं पचवले होते.

मुजिननं त्याला एकदा भांडी घासताना गाठलं. "दादा, तुझं काय चाललंय? पाण्याचा नळ दहा मिनिटं उघडा आहे."

"मुजिन, मी मोठा नसलो तर तुम्ही माझं का ऐकाल?"

मुजिननं नळ बंद केला. "ऐकतो असं तुला कुणी सांगितलं? सात वर्षांत एकदा तरी ऐकलंय का मी तुझं?"

दोग्यू विचारात पडला. खरंच, एकदाही नाही.

"युलच ऐकतो तेवढा," मुजिन म्हणाला. "आणि त्याला तर सुरुवातीपासून माहीत होतं की तू लहान आहेस." एवढं बोलून तो गेला, भांडी मात्र घासायला थांबला नाही.

दोग्यू तिथंच उभा राहिला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाकीचे त्याला मोठा समजून मान देत होते. युल मात्र त्याला लहान जाणून मान देत होता. वीस मिनिटं हात वर धरून बसला होता तेव्हाही त्याला ठाऊक होतं.

सणाची सकाळ उजाडली. बाहेर कोरडी थंडी होती, रस्ते ओस पडले होते, अर्धं शहर गावी गेलेलं. मुजिनच्या आईनं तांदळाच्या पांढऱ्या वड्या आणि हाडांचा रस्सा गोठवून पाठवला होता. युलनं पहाटे उठून सूप चढवलं, अंड्याच्या बारीक पट्ट्या कापल्या, तिळाच्या तेलाचा वास घरभर पसरला. या दिवशी हे सूप एक वाडगा खाल्लं की माणूस एका वर्षानं मोठा होतो. न खाणाऱ्याचं वय वाढत नाही म्हणून पोरांना चिडवतात.

सूप उकळत ठेवून युलनं जाजम अंथरलं, उशी भिंतीशी ठेवली आणि हाक मारली, "दादा, बसा. चला रे, ओळीनं या."

दोग्यू आला. नवा सदरा घातलेला होता, केस विंचरलेले होते. तो उशीपाशी गेला आणि बसला नाही.

"तू बस," तो युलला म्हणाला.

"नको, दादा."

"बस."

"दादा, प्लीज. तीन दिवसांनी मी जाणार आहे. मला इथं लाडाचं राहू द्या. घरी मी चौदाव्या वर्षापासून बाप झालो. माझ्या ताटात कुणी आपल्या ताटातलं मटण वाढलं असेल तर ते फक्त तुम्ही. तिथं तर वीस वर्षांची पोरं माझ्याआधी आत गेली म्हणून मला दरडावणार. एवढे तीन दिवस मोठं करू नका मला."

या वेळी दोग्यूनं जिभेवरचं गिळलं नाही.

"मी अजून तुझा दादा आहे की नाही?"

"आहात."

"मग दादा सांगतोय. गप तिथं बस."

"हुकूम तर अगदी मोठ्याचाच आहे," गीहान मुजिनच्या कानात म्हणाला आणि मुजिननं त्याला कोपर मारलं.

युल बसला. सात वर्षांची सवय होती. दादानं आवाज चढवला की त्याचे पाय आपोआप ऐकायचे. पण उशीच्या टोकावर बसला, केव्हाही उठता येईल असा. दोग्यू त्याच्यासमोर उभा राहिला, हात एकावर एक ठेवून डोळ्यांपर्यंत नेले आणि खाली गेला. या घरात तो पहिल्यांदाच कुणासमोर वाकत होता. गुडघे कडकन वाजले. कपाळ हातांवर टेकलं, फरशीची ऊब चेहऱ्याला लागली आणि समोर युलचे मोजे दिसले, एक अंगठ्यापाशी शिवलेला. नमस्कार झाला की उठायचं असतं. तो उठला नाही.

"दादा," तो जमिनीकडे बघूनच म्हणाला.

आत सूप उकळत होतं. नमस्कार घेणाऱ्यानं काहीतरी आशीर्वाद द्यायचा असतो आणि या घरात तो युलला कधी द्यावाच लागला नव्हता. दोग्यूचे आशीर्वाद ठरलेले असत: यंदा वेळेवर येत जा, यंदा कमी खा, यंदा घसा सांभाळ. युलनंही तिथूनच सुरुवात केली.

"यंदा..." त्याचा आवाज फुटला. त्यानं डोळे पुसले. "यंदा गुडघे सांभाळ रे. फार वाजतात."

'रे' म्हटल्यावर त्यानं तोंडावर हात ठेवला. गीहान आधी हसला, मग मुजिन, आणि दोग्यू जमिनीवरच कपाळ टेकून हसत राहिला. हसता हसता त्याचे खांदे वेगळ्याच कारणानं हलायला लागले तेव्हा युलनं वाकून त्याला उठवलं.

"लिही," दोग्यू नाक ओढत म्हणाला. "खरं साल लिही. पहिल्याच ओळीत. बान मॅनेजरना काय सांगायचं ते मी सांगतो."

"आणि तुम्ही? तुम्ही काय सांगाल लोकांना? गटात तुमचं काम काय म्हणून विचारतील."

दोग्यूनं विचार केला. "सांगेन, मी दुसरा आहे. दुसऱ्यालाही बसायला जागा लागते."

"मी दोन-तीन महिने आधी आत जाणार," युल म्हणाला. "तुम्ही याल तेव्हा तिथंही मी मोठा असेन."

"बघा, लगेच सुरू झाली दादागिरी," मुजिन म्हणाला.

टेबलावर चार वाडगे आले. चमचे मांडायला दोग्यू पुढं झाला, पण युलनं ते त्याच्या हातातून काढून घेतले आणि स्वतःच मांडले. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. मग सगळे थांबले. दोग्यूही थांबला. त्याला वाटलं होतं हे थांबणं जड जाईल, पण बरं वाटलं. सात वर्षं पहिला घास घेताना तो तिघांच्या डोळ्यांकडे बघायचा, सूप कसं लागतं हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

युलनं चमचा उचलला. एक वडी खाल्ली, मान डोलावली आणि बाकीचे तुटून पडले.

पहिला वाडगा संपवून युल उठला आणि त्यानं दुसरा भरून आणला. तो संपवून तिसरा. तिसरा मात्र त्याला हळूहळू खावा लागला, मधेमधे श्वास घेत.

"अरे बास!" गीहान म्हणाला. "तीन दिवसांनी भरती आहे. वजनकाट्यावर चढलास की काटाच मोडायचा."

"अजून एक राहिला," युल म्हणाला.

"चार? चार कशाला?"

युलनं वाडग्याच्या कडेला लागलेली अंड्याची पट्टी बोटानं काढून खाल्ली. "एक यंदाचा," तो म्हणाला. "तीन मागचे राहिलेत."

गीहाननं खाली बघितलं. मुजिननं चमचा ठेवला. दोग्यू उठला, युलच्या पुढ्यातला रिकामा वाडगा उचलून पातेल्यापाशी गेला. तळाशी थोड्याच वड्या उरल्या होत्या. त्यानं त्या पळीनं खरवडून काढल्या, वर रस्सा घातला आणि भरलेला वाडगा आणून दोन्ही हातांनी युलपुढं धरला.